घणसोलीतली तीस पिल्लं: पावसाळ्यातल्या घरगुती ब्रूडरचं एक प्रकरण

घणसोली गावातलं एकमजली घर, वर पत्रा टाकलेली गच्ची, घरात नवरा-बायको, दोन मुलं आणि सासूबाई. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात स्कूटरवर जाळीचं खोकं लावून फिरणाऱ्या विक्रेत्याकडून या घरानं 30 पिल्लं घेतली. विक्रेत्यानं ती गिरिराज आणि एक दिवसाची असल्याचं सांगितलं. गिरिराज ही बंगळूरच्या कृषी विद्यापीठात तयार झालेली जात, घरामागे पाळायला चांगली, पण रंगीत पिल्लांची जात त्या वयात नुसत्या नजरेनं ठरवता येत नाही. वय मात्र खरं असावं. घरातल्या सूनबाईंनी, म्हणजे वहिनींनी, त्या दिवशी मोबाइलवर काढलेल्या फोटोंत बऱ्याच पिल्लांच्या चोचीच्या टोकावर पांढरा दाणा दिसतो. अंडं फोडण्यापुरता असलेला हा दाणा पुढच्या काही दिवसांत गळून जातो.

चौथ्या दिवशी मला फोन आला तोवर 9 पिल्लं मेली होती. मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली आहे, निवृत्तीनंतरही आसपासची माणसं विचारतात. हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे, कारण ठाणे-नवी मुंबईच्या गावठाणांत आणि चाळींत दर पावसाळ्यात हेच घडतं आणि त्यातली बहुतेक पिल्लं वाचू शकतात.

पहिले चार दिवस

टीव्हीचं जुनं खोकं, खाली वर्तमानपत्र, वरून लोंबणारा 9 वॅटचा एलईडी बल्ब आणि स्टीलच्या वाटीत पाणी अशी पहिल्या रात्रीची सोय होती. खोक्यात उजेड भरपूर होता, ऊब जवळजवळ नव्हती. एलईडी बल्ब वीज वाचवतो तो उष्णतेवर वाया न घालवता, आणि ब्रूडरला, म्हणजे आईविना वाढणाऱ्या पिल्लांना ऊब देणाऱ्या जागेला, तर उष्णताच हवी असते. पहाटे पिल्लं एका कोपऱ्यात ढिगानं पडलेली होती. तळाची 4 चपटी होऊन मेली होती. अशी पिल्लं गारठ्यानं थेट मरत नाहीत. वरच्यांच्या ओझ्याखाली गुदमरतात. खोक्याला कोपरा असतो म्हणून ढीग होतो. गोल कडं असेल तर दाटी सरकत राहते.

सकाळी शेजाऱ्यांनी सांगितलं, ऊब कमी पडली. निदान बरोबर होतं. मग कोपरखैरण्यातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून शंभर वॅटचे दोन पिवळे बल्ब आणून खोक्यात लावले, पावसाचा गारवा लागू नये म्हणून खोक्याच्या चारही पाकळ्या मिटल्या आणि वर गोणपाट टाकलं. खोकं होतं साधारण दोन फूट बाय दीड फूट. तीन चौरस फुटांच्या बंद जागेत 200 वॅटची उष्णता आणि 26 पिल्लं. पुढच्या दोन दिवसांत 5 मेली. त्यातलं एक वाटीत बुडालं होतं.

फोनवर मी पहिला प्रश्न विचारला तो खोक्याबद्दल नव्हता. घरातल्या किंवा शेजारच्या मोठ्या कोंबड्या मेल्या आहेत का, आजूबाजूला कावळे किंवा बगळे मरून पडलेले दिसले का, हे विचारलं. 2006 साली नवापूरला आणि फेब्रुवारी 2022 मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीला बर्ड फ्लू निघाला होता. पक्षी एकदम मरायला लागले की ही शंका आधी दूर करायची, आणि दूर होत नसेल तर कशालाही हात न लावता जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. इथे तसं काही नव्हतं. मोठ्या कोंबड्या ठणठणीत होत्या, मरत होती ती फक्त खोक्यातली पिल्लं. मेलेली पिल्लं नाल्यात टाकू नका, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, एवढं सांगून मी निघालो.

खोक्याजवळ पोचल्यावर

ब्रूडर उघडायच्या आधी थोडा वेळ नुसतं ऐकावं. समाधानी पिल्लं बारीक, सलग किलबिल करतात. गारठलेली मोठ्यानं, टोकदार आवाजात ओरडतात. उकडलेली गप्प होतात. या खोक्यातून आवाजच येत नव्हता.

आत पिल्लं बल्बांपासून जेवढं लांब जाता येईल तेवढी भिंतींना चिकटली होती. पंख अंगापासून सुटलेले, चोची उघड्या, माना खाली, गळा भराभर हलणारा. मी थर्मामीटर पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर धरला, कारण पिल्लू राहतं तिथलं तापमान मोजायचं असतं, बल्बजवळचं नाही. मध्यभागी 41 अंश, सगळ्यात गार कोपऱ्यात 38. पिल्लानं कुठेही जावं, सुटका नव्हती.

एकेक पिल्लू हातात घेतलं. पायांची कातडी सुकून सुरकुतलेली, म्हणजे शरीरातलं पाणी आटलेलं. आठेक पिल्लांच्या शेपटीखाली विष्ठा वाळून घट्ट बुच बसलं होतं. हे बुच काढलं नाही तर पिल्लू आतून तुंबून मरतं. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस थोडा वेळ तिथे धरायचा, मऊ झालं की अलगद पुसायचं, कोरडं करायचं आणि खोबरेल तेलाचं बोट लावायचं. ओढायचं नाही, नाजूक कातडी निघून येते. आणि पोटाखालच्या बेंबीच्या खपलीला हात लावायचा नाही. ती जागा वेगळी, पण घाईत लोक तीच सोलतात.

वहिनींचा प्रश्न रास्त होता. “दादा, पुस्तकात 35 अंश लिहिलंय, बाहेर एवढा पाऊस, मग जास्त गरम कसं होईल?”

पहिल्या आठवड्यासाठी पुस्तकं साधारण 32 ते 35 अंश सांगतात आणि दर आठवड्याला 2-3 अंश कमी करायला सांगतात. आकडा चुकीचा नाही. पिल्लाला पहिले दहा-बारा दिवस स्वतःच्या शरीराचं तापमान नीट राखता येत नाही, म्हणून बाहेरून ऊब लागते. पण तो आकडा बल्बखालच्या एका जागेचा असतो, सगळ्या खोक्याचा नाही. कोंबडीच्या अंगाचं तापमान 41 अंशांच्या आसपास. पिल्लं तिच्या पंखाखाली शिरतात, ऊब घेतात, बाहेर येऊन दाणे टिपतात, पुन्हा शिरतात. दिवसभर पिल्लू स्वतःच ठरवत असतं की आत्ता आपल्याला किती ऊब हवी. तिच्या जागी आपण बल्ब लावतो तेव्हा हे ठरवण्याचा हक्क पिल्लाकडे राहिला पाहिजे. म्हणजे ब्रूडरच्या एका टोकाला ऊब आणि दुसऱ्या टोकाला खोलीचं साधं तापमान. माझ्या मते घरगुती ब्रूडरमधली हीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. ती साधली तर तापमान दोन-तीन अंश चुकलं तरी पिल्लं निभावून नेतात.

दुसरी गोष्ट आपल्या हवेची. कोंबडीला घाम येत नाही. ती धापा टाकून, घशातलं पाणी हवेत सोडून अंग थंड करते. जुलैत नवी मुंबईची हवा पाण्यानं आधीच भरलेली असते, त्यामुळे हे पाणी सहज उडत नाही. त्यात बंद खोकं, पिल्लांच्या श्वासाची वाफ, ओला कागद. कोरड्या हवेत जी उष्णता पिल्लू थोडा वेळ सोसेल, ती इथे त्याला मारते. पावसाकडे बघून आपल्याला गार वाटतं, पण त्या घरातल्या खोलीचं तापमान दुपारी 29 अंश होतं. पिल्लाला हवी असलेली ऊब आणि खोलीची हवा यांत फरक पाच-सहा अंशांचाच. तेवढ्यासाठी 200 वॅट लागत नाहीत.

पिल्लं पहिल्या दिवशी धडधाकट दिसली आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी मेली, याचंही कारण आहे. अंड्यातून बाहेर येण्याआधी पिल्लू उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेतं आणि त्यावर दोन-तीन दिवस तग धरतं. म्हणून ती स्कूटरवरच्या प्रवासात टिकतात. पण याच काळात पाणी आणि खाणं शिकलं नाही, तर बलक संपताच पिल्लू कोसळतं. उरलेल्या 21 मधली किती पिल्लं उकाड्यात पाण्यापर्यंत गेलीच नव्हती, हे त्यांच्या पायांवरून दिसत होतं.

नवा ब्रूडर

त्याच संध्याकाळी घरात होतं त्यातून नवी व्यवस्था उभी केली. पुठ्ठ्याच्या दीड फूट उंच पट्ट्या जोडून चार फूट लांब आणि तीन फूट रुंद लांबट गोल केला. कोपरा कुठेही ठेवला नाही. तो खोलीच्या आतल्या भिंतीशी मांडला, खिडकीच्या झोतापासून दूर. वर गोणपाटाऐवजी अर्ध्या इंचाची लोखंडी जाळी, म्हणजे हवा खेळेल आणि उंदीर-मांजर आत येणार नाही. गावठाणातल्या गटारांतल्या घुशी रात्रीत दहा पिल्लं नेतात, जाळी नसेल तर बाकीची मेहनत व्यर्थ आहे.

एका टोकाला साठचा एकच पिवळा बल्ब. तो वायरवर न लोंबवता साखळीनं टांगला, दुसरी गाठ वेगळ्या दोरीची मारली आणि भोवती जाळीचं कडं बसवलं. तूस आणि कागदावर तापलेला बल्ब पडला तर घर पेटतं. त्यामुळे या दुहेरी बांधणीत मी कुणालाही सूट देत नाही. साखळीची कडी वर-खाली करून बल्बखाली पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर 33 अंश जमवले. दुसऱ्या टोकाला 29 होते.

खाली भाताच्या तुसाची दोन इंच गादी घातली. पहिले दोन दिवस पिल्लांना तूस आणि खाद्य यांतला फरक कळत नाही म्हणून वर खडबडीत पुठ्ठा अंथरून त्यावरच खाद्य भुरभुरलं. गुळगुळीत वर्तमानपत्र मी काढायला लावलं. त्यावर पाय घसरतात आणि चार-पाच दिवसांत पिल्लाचे पाय दोन बाजूंना फाकून बसतात. एका पिल्लाचं तसं सुरू झालं होतं. त्याच्या दोन्ही पायांना बेताच्या अंतरावर मऊ चिकटपट्टी बांधली, काही दिवसांत ते सरळ चालायला लागलं.

पाण्याच्या वाटीऐवजी उलट्या बरणीचं उथळ ड्रिंकर आणलं आणि कडेच्या पन्हाळीत मुलांच्या गोट्या टाकल्या, म्हणजे चोच बुडेल पण पिल्लू बुडणार नाही. पहिले काही तास गुळाचं फिकट पाणी दिलं, नंतर साधं. गुळाचं पाणी या हवेत लवकर आंबतं, रात्रभर ठेवायचं नसतं. प्रत्येक पिल्लाची चोच एकदा हलकेच पाण्यात टेकवली. एकानं प्यायला सुरुवात केली की इतर बघून शिकतात.

सगळं मांडून झाल्यावर सासूबाई आल्या. त्यांनी आयुष्यभर खुडूक कोंबडी रवणीला बसवून पिल्लं काढलेली आहेत. ब्रूडरकडे जरा वेळ बघून म्हणाल्या, “आता ही पसरून बसली. सकाळपासून एक पिल्लू बसलं नव्हतं.” थर्मामीटरपेक्षा हे निरीक्षण मला मोलाचं वाटतं. पिल्लं सगळीकडे विखुरलेली, काही बल्बखाली झोपलेली, काही खात असलेली दिसली की ब्रूडर बरोबर आहे. सगळी बल्बखाली एकवटली तर बल्ब खाली घ्या, सगळी लांब पळाली तर वर घ्या, सगळी एकाच बाजूला सरकली तर दुसऱ्या बाजूनं वाऱ्याचा झोत येतोय. रात्री झोपण्याआधी एकदा आणि पहाटे एकदा हे बघायची जबाबदारी मोठ्या मुलानं घेतली.

त्या रात्री एक अशक्त पिल्लू गेलं. 20 उरली आणि पुढचे तीन आठवडे एकही मेलं नाही.

रात्री लाईट गेली तर काय, हा प्रश्न पावसाळ्यात येणारच. गरम पाण्याच्या दोन बाटल्या फडक्यात गुंडाळून गादीवर ठेवा आणि जाळी अर्धी झाका, दोन-तीन तास निघतात. काही घरांत कोळशाची शेगडी पेटवून दार बंद करतात. तसं कधीही करू नका. त्यातून निघणारा विषारी वायू पिल्लांना मारतो आणि त्याच खोलीत झोपलेल्या माणसांनाही.

खाद्य आणि लस

घरात तांदळाची कणी दिली जात होती. तिनं पोट भरतं, पण वाढीला लागणारी प्रथिनं तिच्यात फारच कमी. पिल्लांना 20 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असलेलं चिक स्टार्टर लागतं. मोठ्या कोंबड्यांसाठी घरात असलेलं लेअर खाद्य मात्र पिल्लांना घालू नये, त्यातलं जादा कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. पहिल्या सहा आठवड्यांत एक पिल्लू किमान किलोभर खाद्य खातं, म्हणजे 20 पिल्लांना निदान 20 किलो. तरी एकदम पोतं आणू नका. पावसाळ्यात त्याला बुरशी लागते आणि बुरशीचं विष पिल्लांच्या यकृतावर जातं. सुटं पाच-पाच किलो घ्या, वास बघा, गाठी दिसल्या तर परत करा.

लशींबाबत एक अडचण सगळ्याच लहान पाळणाऱ्यांना येते. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब टाकून द्यायची, गंबोरो या पिल्लांच्या दुसऱ्या रोगाची चौदाव्या दिवसाच्या आसपास, मग लासोटाचा दुसरा डोस चौथ्या आठवड्यात. पण कुपी शंभर किंवा जास्त मात्रांची असते आणि एकदा कालवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. वीस पिल्लांसाठी ती कोण आणणार? म्हणून लोक लसच टाळतात, आणि मानमोडी आली की गल्लीतलं एकही खुराडं सुटत नाही. इथे वहिनींनी गल्लीतल्या आणखी तीन घरांना जोडून घेतलं, एक कुपी बर्फाच्या थर्मासमधून आली आणि एकाच सकाळी चारही घरांची पिल्लं झाली. आजारपणातून उठणाऱ्या पिल्लांना लस देऊ नये, म्हणून या घरासाठी आम्ही दिवस थोडा पुढे ढकलला होता आणि बाकीची घरंही आनंदानं थांबली.

दुसरं संकट

विसाव्या दिवशी पिल्लांना पंख फुटले होते आणि जागा कमी पडत होती. दिवसा बल्बची गरज उरली नव्हती. थंड मुलखातली कोष्टकं सहा आठवडे ऊब द्यायला सांगतात, आपल्याकडे तिसऱ्या आठवड्यानंतर रात्रीपुरता किंवा मुसळधार पावसाच्या दिवसापुरता बल्ब पुरतो. म्हणून पिल्लं गच्चीवरच्या पत्र्याखाली नेली. निर्णय योग्य होता, पण पश्चिमेची बाजू उघडी होती. दोनच दिवसांत खाडीकडून आडवा पाऊस आला आणि अर्धी गादी भिजली. घरातल्यांनी वरून कोरडं तूस पसरलं. वरून कोरडं दिसत होतं, खाली चिखल होता.

अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी विष्ठेत रक्त दिसलं. पिल्लं पिसं फुगवून, पंख टाकून, डोळे मिटून उभी होती. दुपारपर्यंत एक मेलं. मेलेलं पिल्लू आणि ताजी विष्ठा घेऊन वहिनींचे यजमान पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी पिल्लू उघडून पाहिलं, आंधळ्या आतड्याच्या दोन्ही पिशव्या रक्तानं भरलेल्या होत्या. रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस.

दिवस जुळतात ते बघा. या परजीवीची अंडी बहुतेक कोंबड्यांच्या विष्ठेत थोडीफार असतातच. ती बाहेर पडल्याबरोबर रोग लावू शकत नाहीत. त्यांना पिकायला ओल, ऊब आणि हवा लागते. भिजलेल्या तुसात हे सगळं एक-दोन दिवसांत मिळतं. पिल्लू ती पिकलेली अंडी टिपतं आणि पाच-सहा दिवसांत आतड्यातून रक्त येतं. आडवा पाऊस बाविसाव्या दिवशी, रक्त अठ्ठाविसाव्या दिवशी. रोग नवा आला नव्हता, भिजलेल्या गादीनं घरातलाच वाढवला होता.

डॉक्टरांनी पाण्यातून अँप्रोलियम दिलं. आणि इथे एक गोष्ट वेळेवर सापडली. अशक्तपणा जावा म्हणून घरातले पिल्लांना बी-कॉम्प्लेक्सचं औषधही त्याच पाण्यात देत होते. अँप्रोलियमची रचना थायामिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्वासारखी असते. परजीवी ते थायामिन समजून घेतो आणि उपाशी मरतो. बाहेरून खरंखुरं थायामिन घातलं तर औषधाचा जोर जातो. बी-कॉम्प्लेक्स उपचार संपेपर्यंत बंद केलं. ड्रिंकर सोडून दुसरीकडे पाणी ठेवलं नाही, म्हणजे प्रत्येक घोटात औषध जाईल. आजारी पिल्लू खाणं सोडतं पण पाणी पितं, म्हणून हे औषध पाण्यातून देतात.

औषधाइतकंच काम गादीचं होतं. सगळं तूस खरवडून काढलं, जमिनीवर चुना मारला, कोरडी झाल्यावर नवं तूस घातलं. या परजीवीच्या अंड्यांवर फिनाईलसारख्या नेहमीच्या जंतुनाशकांचा भरवसा धरता येत नाही, त्यांना मारतो तो कोरडेपणा. पश्चिमेला ताडपत्री लावली, पण वर हातभर फट ठेवली, नाहीतर अमोनियाचा वास साचून पिल्लांचे डोळे चुरचुरतात. ड्रिंकर विटांवर ठेवलेल्या जाळीवर चढवलं, खाली परात, आणि पाण्याची कड पिल्लाच्या पाठीच्या उंचीला. गादी सर्वांत जास्त भिजते ती पाण्याभोवतीच. धाकट्या मुलीला मी एक परीक्षा शिकवली: मूठभर तूस घट्ट दाबून सोडायचं. लाडू वळला तर ओलं, तेवढं तूस काढून टाकायचं. मोकळं सुटलं तर ठीक. ती रोज शाळेतून आल्यावर चार ठिकाणी बघते आणि नंतर साबणानं हात धुते. पिल्लांच्या विष्ठेतून माणसांनाही पोटाचे विकार होतात, म्हणून पिल्लं गालाला लावायची नाहीत हेही दोन्ही मुलांकडून कबूल करून घेतलं.

आणखी 2 पिल्लं गेली. चौथ्या दिवसापासून विष्ठेतलं रक्त थांबलं.

आज 17 पिल्लं आहेत, सहा आठवडे पार केलेली. तुरे बघता त्यात 9 नर दिसतात आणि पहाटेच्या आरवण्याबद्दल समोरच्या घरातून आत्ताच विचारणा झाली आहे. दोन नर ठेवून बाकीचे योग्य वजनाला विकायचं ठरलंय. लासोटाचा दुसरा डोस हगवणीमुळे मागे पडला होता, तो पिल्लं सावरल्यावर पूर्ण झाला. आठव्या आठवड्यात मानमोडीची आर-टू-बी आणि देवीची लस बाकी आहे, त्यासाठी चार घरांत आता पाचव्याची भर पडली आहे. पुढची पिल्लं वहिनी दिवाळीनंतर आणणार आहेत. लांबट गोल, साठचा बल्ब आणि जाळी माळ्यावर बांधून ठेवली आहेत. त्या वेळी हवा कोरडी असेल आणि रात्री याहून गार, तेव्हा बल्बची साखळी पुन्हा नव्यानं जमवावी लागेल.